एकाच ईमेलच्या तीन वेगवेगळ्या वेळा: पोस्टफिक्सच्या रांगेत खरी कोणती मानावी?

प्रश्नकर्ता, सांगली
नमस्कार. मार्केट यार्डातील एका हळद अडत पेढीचा मेल सर्व्हर मी सांभाळतो; त्यावर पोस्टफिक्स हा मेलची ने-आण करणारा प्रोग्राम चालतो. सौदे झाले की हिशेबाच्या पट्ट्या ईमेलने जातात आणि एखादी उशिरा पोहोचली की पहिला फोन मला येतो. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी अशीच एक पट्टी रांगेत अडकली. पावणेबाराच्या सुमारास पाहिले, तेव्हा रांग दाखवणाऱ्या मेलक्यू या आदेशाने ती १०:४२ ला आल्याचे दाखवले, लॉगमध्ये तिच्या आगमनाची नोंद ०५:१२ ची होती आणि डिफर्ड (पुढे ढकललेल्या मेलच्या) फोल्डरमधील तिच्या फाइलवर चक्क १२:२६, म्हणजे अजून व्हायचीच असलेली वेळ होती. सर्व्हरचे घड्याळ बरोबर आहे. मग पेढीला कोणती वेळ सांगावी?

उत्तर, मिरज
पहिल्या दोन वेळांतला फरक नेमका साडेपाच तासांचा आहे, त्यामुळे घड्याळाकडे नव्हे, टाइमझोनकडे पाहा. सर्व्हर आधी यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) होता आणि नंतर आशिया/कोलकाता (भारतीय वेळ) केला, असे झाले आहे का? मेलक्यू दर वेळी नव्याने चालतो म्हणून त्याला नवा टाइमझोन लगेच कळतो. लॉग लिहिणारी सेवा मात्र सुरू होताना वाचलेला जुना टाइमझोनच धरून बसते. ती आणि पोस्टफिक्स, दोन्ही रीस्टार्ट करा. डेबियन या लिनक्सवर पोस्टफिक्सचे भाग क्रूटमध्ये (बाकी सिस्टिमपासून वेगळ्या केलेल्या फोल्डरमध्ये) चालत असतील, तर ते टाइमझोन सांगणाऱ्या लोकलटाइम फाइलची वेगळी प्रत वापरतात, तीही एकदा पाहून घ्या.

उत्तर, कराड
१२:२६ मध्ये काहीही बिघाड नाही. मेल पुढे ढकलला गेला की पोस्टफिक्स त्या फाइलची बदल-वेळ मुद्दाम भविष्यातली करून ठेवतो. त्या वेळेआधी पुन्हा प्रयत्न करायचा नाही, एवढाच तिचा अर्थ. दोन प्रयत्नांतले हे अंतर मूळ सेटिंगनुसार ३०० ते ४००० सेकंद असते. म्हणून फाइलच्या वेळेवरून मेलचे वय काढणाऱ्या स्क्रिप्ट मला धोक्याच्या वाटतात. पोस्टफिक्स ३.१ पासून पोस्टक्यू या रांग दाखवणाऱ्या आदेशाला जे (-j) हा पर्याय दिला की आगमनाची वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मिळते, आणि त्या आकड्याला टाइमझोन चिकटत नाही.

प्रश्नकर्ता, सांगली
दोघांचेही मनापासून आभार. टाइमझोन मीच आदल्या आठवड्यात बदलला होता आणि रीस्टार्ट राहून गेला होता. पट्टी रांगेत असतानाच जे पर्यायाने पाहिले, आकडा १७३९३३७१२० आला, म्हणजे आपल्याकडची १०:४२ च खरी. पुढे ती १२:२९ ला गेली. लॉगमध्ये ही नोंद ०६:५९ ची पडली असली तरी त्याच ओळीत डिले (विलंब) ६४२० सेकंद, म्हणजे १ तास ४७ मिनिटे, असे बरोबर लिहिलेले होते. पेढीला तोच विलंब कळवला आणि त्यानंतर दोन्ही सेवा रीस्टार्ट केल्या. आता लॉग आणि मेलक्यू एकच वेळ दाखवत आहेत.