दोन एसएसीडी, दोन्हींत काही स्पीकर मुके: दोष संचात आहे की तबकडीत?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी,

पाश्चात्त्य अभिजात संगीत मी आजवर दोन स्पीकरवरच ऐकत आलो. निवृत्तीनंतर सवड मिळाली, म्हणून यंदा हौसेने ५.१ संच (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) आणि एसएसीडी, म्हणजे दोनहून अधिक वाहिन्या सामावणारी सुपर ऑडिओ सीडी, वाजवणारा प्लेअर घेतला. ठाण्यातील आमचा दिवाणखाना १४ फूट लांब व ११ फूट रुंद आहे. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असून मागचे दोन स्पीकर दुकानातून आलेल्या माणसाने त्याच भिंतीवर, जवळजवळ छताला लागून, बसवून दिले आहेत.

अडचण अशी आहे की, पेंटाटोन या ध्वनिमुद्रण कंपनीने पुन्हा प्रकाशित केलेले फिलिप्सचे १९७०च्या दशकातील वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण लावले, तर मधल्या स्पीकरमधून काहीही ऐकू येत नाही. मर्क्युरी या कंपनीच्या लिव्हिंग प्रेझेन्स मालिकेतील तबकडी लावली, तर मधला उत्तम वाजतो, पण मागचे दोन्ही गप्प राहतात. रिसीव्हरमधील (स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या यंत्रातील) चाचणीचा आवाज मात्र पाचही स्पीकरमधून नीट येतो. दुकानात विचारले, तेव्हा मधला स्पीकर बदलून मोठा घेण्याचा सल्ला मिळाला.

दुसरा प्रश्न अधिक मूलभूत आहे. पहिल्या तबकडीत मागचे स्पीकर वाजतात, पण इतके हळू की कान लावून पाहावे लागते. मग एवढा खटाटोप कशासाठी, असे घरी विचारले गेले आणि मला उत्तर देता आले नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तारषड्ज

आपल्या संचात दोष नाही, आणि मधला स्पीकर कृपया बदलू नका. दोन्ही तबकड्या मुळात जशा ध्वनिमुद्रित झाल्या, तशाच वाजत आहेत.

१९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात फिलिप्सने बरीच ध्वनिमुद्रणे चार ट्रॅकवर केली होती: दोन पुढचे आणि दोन मागचे. त्या काळी चार वाहिन्या (चॅनेल) एका रेकॉर्डच्या खाचेत बसवण्याच्या एसक्यू, क्यूएस आणि सीडी-४ अशा परस्परांशी न जुळणाऱ्या पद्धती बाजारात होत्या. घरी वाजवताना त्यांतून मूळ दर्जा हाती लागत नव्हता, म्हणून फिलिप्सने ही ध्वनिमुद्रणे दोन वाहिन्यांतच विकली. पुढे १९९९मध्ये एसएसीडी आली. पेंटाटोन ही कंपनी २००१मध्ये स्थापन झाली ती फिलिप्सच्याच माजी अधिकाऱ्यांनी, आणि त्यांनी या चार ट्रॅकच्या फिती बाहेर काढल्या. मुळात पाचवी वाहिनी नव्हती, म्हणून त्यांनी ती नव्याने बनवलीही नाही. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

मर्क्युरीची गोष्ट त्याच्याही आधीची आहे. तेथे १९५०च्या दशकाच्या मध्यापासून वाद्यवृंदासमोर तीन मायक्रोफोन टांगून तीन ट्रॅकवर मुद्रण होत असे. रेकॉर्डच्या खाचेत दोनच वाहिन्या मावत असल्याने घरोघरी पोहोचताना तिन्हींच्या दोन कराव्या लागत. एसएसीडीवर त्या तिन्ही वेगळ्या मिळाल्या आहेत. मागे काही नव्हतेच.

एक सावधगिरी सांगतो. काही रिसीव्हर एसएसीडीचा डीएसडी प्रवाह (तिच्यावरील ध्वनीचे मूळ डिजिटल रूप) थेट वाजवताना अंतराची आणि खर्जाची जुळवणी बाजूला ठेवतात. तसे होत असल्यास प्लेअरमधून पीसीएम (साध्या सीडीवर असते ते डिजिटल रूप) पाठवा. मग साधारण ८० हर्ट्झच्या खालचा भाग सबवूफरकडे जाईल, तबकडीत सबवूफरची स्वतंत्र वाहिनी नसली तरीही.

दिवाणखाना

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण खरी अडचण मला आपल्या खोलीच्या वर्णनात दिसते. छताजवळचे स्पीकर आणि भिंतीला टेकलेला सोफा ही मांडणी चित्रपटासाठी कशीबशी चालून जाते, संगीतासाठी नाही.

बहुवाहिनी संगीतासाठी आंतरराष्ट्रीय शिफारस अशी आहे की, ऐकणाऱ्याच्या नाकासमोरची रेघ शून्य अंश धरली, तर पुढचे दोन स्पीकर दोन्ही बाजूंना ३० अंशांवर आणि मागचे दोन १०० ते १२० अंशांच्या दरम्यान असावेत. म्हणजे ज्यांना आपण 'मागचे' म्हणतो, ते पाठीमागे नसून कानांच्या बाजूला, किंचित मागे सरकलेले असतात. सारे कानाच्या उंचीवर आणि शक्यतो समान अंतरावर हवेत. ११ फुटी खोलीत समान अंतर साधणे कठीण आहे, पण तेवढ्यासाठीच रिसीव्हरमध्ये अंतर भरण्याची सोय असते. ध्वनीला एक फूट कापायला साधारण ०.९ मिलिसेकंद लागतो. पुढचे स्पीकर साडेसात फुटांवर आणि मागचे पाच फुटांवर असतील, तर रिसीव्हर मागच्यांना सुमारे सव्वादोन मिलिसेकंद थांबवतो. हे अंतर अंदाजाने भरू नका; बसल्यावर डोके जेथे येते, तेथून टेपने मोजा.

सोफा किमान तीन फूट पुढे ओढा. भिंतीला टेकून बसले की डोक्यामागचे परावर्तन लगेच कानात शिरते आणि सभागृहाऐवजी आपलीच भिंत ऐकू येते.

आता घरच्यांच्या प्रश्नाविषयी. मागच्या स्पीकरमधून वाद्ये यावीत, ही अपेक्षाच सोडून द्या. आम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाउसारख्या सभागृहात प्रतिध्वनी विरायला सुमारे दोन सेकंद लागतात, आणि तो समोरून नव्हे, चहूबाजूंनी येतो. दोन स्पीकरमध्ये तो सगळा वाद्यांच्याच जागी गोळा होतो. संपूर्ण वाद्यवृंद एकदम थांबतो, अशी जागा शोधा. शेवटचा ठोका समोर वाजतो आणि त्याचे शेपूट खांद्यांवरून मागे जाऊन विरते. तोच भाग मागचे स्पीकर बंद करून ऐकवा; घरच्यांना वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही.

चौरंग

दिवाणखाना यांच्या सविस्तर प्रतिसादात एका मुद्द्यावर माझा मतभेद आहे. मागून वाद्ये येणे म्हणजे केवळ करामत, असा समज त्यातून होऊ नये. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्ये गाब्रिएली या संगीतकारांच्या काळी समोरासमोरच्या सज्जांतून गायक-वादकांचे संच एकमेकांना उत्तरे देत. संगीतकार बेर्लिओझने १८३७च्या आपल्या रेक्विएममध्ये (मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीतात) पितळी वाद्यांचे चार ताफे चार कोपऱ्यांत मांडायला सांगितले. हे संगीत दोन स्पीकरवर ऐकणे म्हणजे संगीतकाराने लिहिलेला एक भाग गाळणेच होय. नॉर्वेची २एल ही संस्था चर्चमध्ये मायक्रोफोनभोवती वादकांना रिंगण करून बसवते. तिच्या ध्वनिमुद्रणात आपण श्रोत्यांत नसतो, वादकांच्या मधोमध असतो. मला हा अनुभव सभागृहाइतकाच खरा वाटतो.

आणखी एक विनंती: आपल्याकडील ख्यालगायनाची ध्वनिमुद्रणे रिसीव्हरच्या कृत्रिम विस्तारातून, म्हणजे दोन वाहिन्या पाचही स्पीकरवर पसरवणाऱ्या सोयीतून, ऐकू नका. माझ्या संचात दोन वाहिन्यांच्या एका मैफलीत तानपुरा गायकाला सोडून माझ्या पाठीशी जाऊन बसला. गवयाच्या मागे दोन तानपुरे असतात आणि सूर त्यांच्या कुशीतून उठतो. ती जागा मोडली की गाणेच उघडे पडते. अशी ध्वनिमुद्रणे दोनच स्पीकरवर ऐकावीत.

मंद्रसप्तक

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी मुलाच्या मदतीने स्पीकर भिंतीवरून उतरवले, तात्पुरते दोन उंच स्टुलांवर ठेवले आणि सोफा साडेतीन फूट पुढे घेतला. प्लेअर पीसीएमवर लावला, अंतरे टेपने मोजून भरली. पहिल्या दहा मिनिटांत फारसा फरक जाणवला नाही, कारण मी मागचे स्पीकरच ऐकत होतो. मग ते विसरून समोरचे व्हायोलिन ऐकू लागलो आणि एका विरामात कोणीतरी खुर्चीत हलल्याचा बारीक आवाज माझ्या डाव्या हाताला, बराच लांब झाला. आमच्या घराची भिंत त्या बाजूला चार-पाच फुटांवर आहे.

मधला स्पीकर बदलण्याचा विचार सोडला आहे. ते पैसे कानाच्या उंचीच्या दोन भक्कम स्टँडसाठी वापरीन, कारण स्टूल स्वयंपाकघरात परत हवे आहेत. चौरंग, २एलचे वाद्यवृंदाऐवजी लहान संचाचे एखादे ध्वनिमुद्रण आधी घ्यावे का, हे कृपया सांगावे.

चौरंग

होय, तंतुवाद्यांच्या लहान संचापासून सुरुवात करा. आपल्या खोलीच्या आकाराला ते अधिक मानवेल, आणि प्रत्येक वादक कोठे बसला आहे हे बोट दाखवून सांगता येईल.