तोल, समतोल, संतुलन : फरक नेमका कुठे?

माझ्या भाचीला शाळेत ‘जीवनातील संतुलन’ हा निबंधाचा विषय आलाय. तिनं विचारलं, “मामा, इथे ‘तोल’ लिहिलं तर चालेल का?” ‘जीवनातला तोल’ कानाला बरं वाटेना, पण का ते सांगता आलं नाही. ‘समतोल आहार’ आणि ‘संतुलित आहार’ दोन्ही चालतात. मग ‘मानसिक समतोल बिघडला’ आणि ‘तोल सुटला’ यांत इतकं अंतर का पडतं? जाणकारांनी सांगावं.

*

तिन्ही शब्दांचं मूळ एकच, संस्कृत ‘तुल्’ म्हणजे तोलणे. तुला, तुलना, तोळा हे सगळे त्याच घरातले. फरक दिसतो तो क्रियापदांत. संतुलन ‘साधतात’, समतोल ‘राखतात’. तोल मात्र जातो, सुटतो, ढळतो, सावरतो, सांभाळावा लागतो. ‘तोल साधला’ असं सहसा कुणी म्हणत नाही. संतुलन हे एकदा गाठायचं ठिकाण वाटतं. तोल हे दर क्षणाला करायचं काम आहे.

डोंबाऱ्याची मुलगी दोरीवर चालताना लहानपणी पाहिली असेल. तिच्या हातातली आडवी काठी कधीच स्थिर नसते. एक टोक खाली जातं, लगेच दुसरं. पाय दोरीवर टेकला की गुडघा किंचित लवतो. ती काठी थांबली तर पोर खाली येईल. म्हणून भाचीला सांगा, ‘तोल’ जरूर लिही, फक्त क्रियापदासकट लिही. ‘जीवनातला तोल’ अवघडतं, ‘जगताना तोल सांभाळणे’ अजिबात अवघडत नाही.

*

तोलाचा विषय निघालाच आहे तर ‘पासंग’ विसरू नका. आमचं गावात किराणा दुकान होतं. वडील सकाळी दुकान उघडलं की आधी रिकामा तराजू उचलून धरत. पारडी सारखी झाली नाहीत तर हलक्या बाजूच्या साखळीला सुतळीनं एक खडा बांधत. तो पासंग. शब्द फारसीतून आलेला, त्यातला ‘संग’ म्हणजे दगड, संगमरवरातलाही तोच. काटा मधोमध आला की मगच पहिलं गिऱ्हाईक. आता आपण ‘अमुक त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ एवढ्यापुरताच तो शब्द वापरतो, आणि त्याचा खरा अर्थ हातातून गेला याचं मला फार वाईट वाटतं. माल तोलण्याआधी तराजूचाच दोष काढायचा, ही त्यातली गोष्ट. कुणाबद्दल मत बनवताना माझं पारडं आधीपासून कुठे झुकलंय, हे मी अजूनही वडिलांच्या त्या खड्यावरून तपासतो.

*

विचारातल्या तोलाला तर मराठीत वेगळा शब्द आहेच : तारतम्य. संस्कृतात ‘तर’ आणि ‘तम’ हे प्रत्यय, लघुतर-लघुतम मधले. कमी काय, अधिक काय, सर्वाधिक काय हे ओळखण्याची बुद्धी म्हणजे तारतम्य. दोन्ही बाजूंना निम्मं-निम्मं देणं म्हणजे तारतम्य नव्हे, आणि हल्ली चर्चांमध्ये नेमकी हीच गल्लत होते.

सरकारी मराठीतही पाहा. दांडेकर समितीचा 1984 चा अहवाल महाराष्ट्राच्या विकासातल्या प्रादेशिक असमतोलावर होता. तिथे ‘अनुशेष’ मोजला, म्हणजे कोण किती मागे राहिलं ते आधी पाहिलं.

कलेतला शब्द गाणाऱ्यांकडे आहे : सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा. तीनतालाच्या सोळा मात्रांत गायक कितीही दूर फिरून आला तरी समेवर भेटतो. फिरलाच नाही तर त्या भेटीत रंग नाही.

*

सर्वांचे आभार. भाचीला तुमची उत्तरं वाचून दाखवली. आजी शेजारी बसून ऐकत होती, तिनं आणखी एक पदर उलगडला. म्हणाली, वस्तूंच्या बाबतीत आमच्या वेळी तीन शब्द असायचे : हौस, सोस, हव्यास. हौसेला मोल नसतं, ती करावी. सोस आला की घरचे हटकायचे, “किती गं तुला साड्यांचा सोस!” आणि हव्यास म्हटलं की माणूस हाताबाहेर गेला. तिचं तांब्याचं घंगाळ माळ्यावर आहे. वर्षातून एकदा, दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला, चिंचेनं घासून खाली येतं. आई म्हणते अडगळ, आजी म्हणते हौस.

भाचीनं निबंधाची सुरुवात त्या घंगाळापासून केली आहे. मथळा शाळेनं दिलेलाच ठेवलाय, आत मात्र ‘संतुलन’ हा शब्द एकदाच आलाय.