शब्दचर्चा: मॉर्फिनला 'वेदनाशामक' म्हणावं की 'वेदनानाशक'?

प्रश्न

कर्करोगाच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी मॉर्फिनच्या गोळ्यांचं माहितीपत्रक मराठीत लिहिते आहे. 'वेदनानाशक', 'वेदनाशामक', 'गुंगीचं औषध' असे पर्याय पुढे आलेत. एकांनी 'अमली वेदनाशामक' सुचवलं. कुठला शब्द घ्यावा? आणि 'कसं दुखतंय?' या रकान्यात कोणते शब्द द्यावेत?

प्रतिसाद १

ताई, 'वेदनाशामक'च घ्या. वेदनाशमन विभागात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तव्याला बोट लागलं की आधी चटका बसतो आणि आग नंतर होते. हे दोन निरोप वेगळ्या तंतूंनी जातात. चटक्याचा निरोप नेणाऱ्या ए-डेल्टा तंतूंवर मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचं पातळ आवरण असतं आणि त्यांचा वेग सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर. मागून येणारी आग सी तंतूंची. त्यांना मायलिन नाही, वेग सेकंदाला जेमतेम २ मीटर किंवा त्याहून कमी. दोन्ही निरोप मज्जारज्जूच्या मागच्या भागात पोचतात, तिथे पुढच्या पेशीला दिले जातात आणि मग मेंदूकडे जातात.

मॉर्फिनचं एक मोठं काम या हस्तांतराच्या जागीच चालतं. तिथल्या पेशींवर 'म्यू' नावाचे ग्राही असतात, म्हणजे ठरावीक रसायनं जिथे चिकटतात अशा जागा. मॉर्फिन त्यांना चिकटलं की निरोप देणाऱ्या टोकात कॅल्शियम कमी शिरतं, त्यामुळे निरोपाचं रसायन कमी सुटतं. घेणाऱ्या पेशीतून पोटॅशियम बाहेर जातं आणि ती सहजासहजी उत्तेजित होत नाही. म्हणजे निरोप क्षीण होतो. जखम तिथेच असते, सूजही असते. नाश कशाचाच होत नाही. स्पर्शही शाबूत राहतो, म्हणून 'बधिर करणारं' हेही चुकीचं. ते काम दाताच्या डॉक्टरांच्या इंजेक्शनचं. मॉर्फिनचा परिणाम सी तंतूंच्या सततच्या दुखण्यावर जास्त होतो, टोचल्याच्या क्षणिक कळेवर कमी.

दुसरं काम मेंदूत. रुग्ण आपण होऊन सांगतात, "दुखतंय, पण आता त्याचा तेवढा जाच होत नाही." दुखणं कळणं आणि दुखण्याने हैराण होणं या दोन गोष्टी आहेत, आणि 'शमणं' या क्रियापदात दुसरी नेमकी येते. मॉर्फिन अफूतून मिळतं, पण हे ग्राही काही अफूसाठी तयार झालेले नाहीत. ते १९७३ मध्ये सापडले आणि १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला ह्यूज आणि कोस्टरलिट्झ या संशोधकांना मेंदूतच त्या ग्राहींना जुळणारी एन्केफॅलिन्स ही रसायनं सापडली.

'गुंगीचं औषध' मात्र कृपा करून नको. सुरुवातीचे काही दिवस झापड येते, पण गोळीचं काम ते नव्हे. हा शब्द ऐकला की घरचे गोळी फक्त रात्री देतात. साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो, म्हणून ती घड्याळ लावून द्यायची असते. मग दिवसभर माणूस तळमळतो.

प्रतिसाद २

पण आयबुप्रोफेनलाही आपण वेदनाशामकच म्हणतो. घोटाळा होणार नाही का? आणि 'अमली' तर कायद्यातलाच शब्द आहे.

प्रतिसाद १

होईल, दादा. आयबुप्रोफेन सुजेच्या जागी प्रोस्टाग्लँडिन हे दुखणं वाढवणारं रसायन कमी करतं, त्याची वाट निराळी. म्हणून पत्रकात सरळ 'मॉर्फिन (वेदनाशामक)' लिहावं. 'अमली' हा अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याच्या मराठीतला शब्द. त्याच कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली ती अशी औषधं रुग्णांना सुलभपणे मिळावीत म्हणून. औषध कुलपात ठेवा, दुसऱ्या कुणाला देऊ नका, हे ठळक लिहायलाच हवं. रुग्ण हाक मारूनही जागा होत नसेल, श्वास फार मंदावला असेल, तर ताबडतोब रुग्णालयात न्यावं, हेही. पण आईला गोळी देणाऱ्या मुलाच्या मनात 'अमली' शब्दाने अपराधीपणा कशाला भरायचा?

प्रतिसाद ३

'सवय लागेल' या वाक्याचं काय करायचं? घरोघरी हेच विचारतात.

प्रतिसाद १

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण एका 'सवय' शब्दात आपण तीन गोष्टी कोंबतो. पहिली, शरीर सरावतं: तोच डोस पुरेनासा होतो. मळमळ आणि झापडही सरावाने ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून सारक सोबत द्यावंच लागतं. दुसरी, औषध एकदम बंद केलं की घाम, जांभया, जुलाब, अंगदुखी सुरू होते. त्यासाठी डोस हळूहळू उतरवतात. तिसरी व्यसन: नुकसान दिसत असूनही ओढ आवरत नाही. मॉर्फिन नियमित घेणाऱ्या बहुतेकांत पहिल्या दोन गोष्टी कमी-अधिक दिसतात, पण त्यांना व्यसन म्हणत नाहीत. पत्रकात 'सरावणं' आणि 'व्यसन' वेगळे ठेवा.

रकान्यासाठी: ठणका, ठसठस, पीळ पडून कळ येणं, चमक, आग, मुंग्या, करंट बसल्यासारखं. शेवटचे तीन आवर्जून ठेवा. मज्जातंतूच दुखावला असेल तर लोक हे शब्द वापरतात, आणि तिथे एकटं मॉर्फिन अनेकदा पुरं पडत नाही. डॉक्टर गॅबापेन्टिन किंवा अमिट्रिप्टिलिनची जोड देतात. नुसतं 'दुखतंय' लिहिलं तर हे कळायचं कसं?

प्रश्नकर्ती

खूप आभार. मसुद्यात 'गोळीची वेळ होईपर्यंत थोडी कळ काढा' असं वाक्य होतं, ते काढते आहे. त्याजागी: 'वेळेआधीच दुखू लागलं तर अंगावर काढू नका, फोन करा.' हे चालेल ना?

प्रतिसाद १

चालेल. खाली रात्रीचा नंबरही छापा.