टोलच्या जुन्या पावत्या सापडल्या... तुमचेही टोलचे, गाडीचे अनुभव लिहा

मृण्मयी_कोथरूड

गाडीला पंधरा वर्षं झाली म्हणून पुन्हा पासिंग करून घ्यायचं होतं. त्यासाठी काल डॅशबोर्डचा खण रिकामा केला, तर रबर लावलेला टोलच्या पावत्यांचा एक गठ्ठा हाताला लागला. बाबांचा. २०१० च्या पाडव्याला त्यांनी ही गाडी घेतली आणि तेव्हापासून आम्ही महिन्यातून दोनदा पुणे-कराड करत आलोय. खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे हे नाके. जाताना तीन, येताना तीन.

बहुतेक पावत्या कोऱ्या झाल्यात. छापलेलं सगळं उडालंय, किती रुपये घेतले तेसुद्धा दिसत नाही. पण बाबा प्रत्येक पावतीच्या पाठीमागे बॉलपेनने कशासाठी गेलो ते लिहायचे. "आईचे डोळे." "आंबे." "नाना गेले." "मृण्मयी निकाल." ते अक्षर जसंच्या तसं आहे. मी पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडं टाकून तासभर तिथेच बसले.

बाबा म्हणायचे, रस्ता चांगला द्या, टोल द्यायला माझी ना नाही. सातारा रस्त्याचं सहापदरीकरण २०१० लाच सुरू झालं. त्यानंतर कित्येक वर्षं आम्ही वळणरस्त्यांवरून, खडीतून, अर्धवट पुलांच्या कडेने जात होतो आणि तीनही ठिकाणी पूर्ण पैसे भरत होतो. पैशापेक्षा ते जास्त लागायचं त्यांना. आपल्याला कुणी मोजत नाही, असं काहीतरी.

आता परत पासिंगचे ५,००० फी, पर्यावरण कर वेगळा, नवी नंबरप्लेट ७४५ अधिक जीएसटी, विमा, पीयूसी. सगळे म्हणतात विकून टाक. माझ्याच्याने होत नाहीये.

तुमच्याकडे काय आठवणी आहेत? लिहा.

अनघा_मुलुंडची

"नाना गेले" वाचून थांबलेच मी.

आई मुलुंडला एकटी, त्यामुळे माझं दर पंधरवड्याला एक्सप्रेसवे ठरलेलं. २०२० ला २३० चे २७० झाले, २०२३ च्या एप्रिलला २७० चे ३२०. जाऊन येऊन ६४०. ऐरोलीचे ४५ ऑक्टोबर २०२४ पासून गेले, तेवढा दिलासा.

गेल्या दिवाळीच्या आधी खंडाळ्याच्या घाटात चार तास एका जागी होतो. लेक पाच वर्षांची, तिला शूला लागली. बाजूला दरी, मागेपुढे ट्रक. मागच्या गाडीतल्या एक काकू न बोलता उतरल्या, ओढणी सोडली आणि आडोसा धरून उभ्या राहिल्या. नाव पण विचारलं नाही मी. नंतर खालापूरला टोल कापल्याचा मेसेज आला तेव्हा मला रडू फुटलं. चार तास उभं केल्याचे पण ३२०?

भोरकर

आम्ही नसरापूरचे. दुकान कात्रजला. म्हणजे खेड-शिवापूरचा नाका आमच्या घराच्या आणि दुकानाच्या मधे उभा आहे असं समजा. शेतातली मेथी विकायला न्यायची तर नाका, पोराला क्लासला सोडायचं तर नाका.

१६ फेब्रुवारी २०२० च्या आंदोलनात होतो. सगळे पक्ष, व्यापारी, शेतकरी, बाया पण आल्या होत्या. त्यानंतर एमएच १२ आणि एमएच १४ ला सूट मिळाली. पण काचेवर फास्टॅग असला की सेन्सरला सूट कळत नाही, पैसे जायचे ते जातात आणि मग भांडत बसा. मागणी साधी आहे, नाका पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्राधिकरणाच्या) हद्दीबाहेर न्या. आमचं रोजचं जगणं म्हणजे प्रवास नव्हे हो.

चाकण_दुसरी_पाळी

ब्रेकमधे लिहितोय, घाईत.
फास्टॅग चालू आहे, बॅलन्स आहे आणि नाक्यावरचं मशीन वाचत नाही तर पैसे द्यायचे नाहीत. शून्य रुपयाची पावती मागायची. २०१८ चा नियम आहे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन करायचा. आणि टॅगच नसेल तर रोखीत दुप्पट, यूपीआयने सव्वापट, असा नियम नोव्हेंबर २०२५ ला आला.

ऋतुजा_सिंहगडरोड

@चाकण_दुसरी_पाळी हे स्क्रीनशॉट काढून ठेवते, धन्यवाद.

माझी गाडी तळघरात उभी, मी भाजी निवडत होते, आणि मेसेज आला की गुजरातमधल्या कुठल्याशा नाक्यावर टोल कापला. बँकेत फोन केला तर म्हणे गाडी तिथे नव्हती याचा पुरावा द्या. नसल्याचा पुरावा कसा देतात? शेवटी सोसायटीच्या वॉचमनकाकांच्या नोंदवहीचा फोटो पाठवला, त्यांनी रोज रात्री उभ्या गाड्यांचे नंबर लिहिलेले असतात. सत्तावीस दिवसांनी पैसे आले. काकांना मी पेढे दिले.

वाकडकर

सोसायटीत पार्किंग एक आणि घरात गाड्या दोन, यावर कुणाकडे उपाय आहे का? आमच्याकडे रोज भांडण. विषय सोडून आहे माहितीये.

शिवणेकर

@वाकडकर धागा वेगळा काढा त्यासाठी, त्यावर मी पण दहा पानं लिहीन.

मी हिशेब ठेवणारा माणूस. २०२१ ला पेट्रोल गाडी घेतली, आठ लाखाची. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी रोड टॅक्स ११ टक्के, म्हणजे ८८,००० आधीच भरले. त्याचं नावच रोड टॅक्स. मग पेट्रोलवर कर, रस्ते उपकर. मग टोल. एकाच रस्त्याचे मी किती वेळा पैसे देतो हे मला कुणीतरी समोर बसून समजावून सांगावं, एवढंच म्हणणं आहे.

गाडी हौसेने नाही घेतली. लॉकडाऊननंतर वारजे पुलाखाली बायको स्कूटरवरून घसरली, गुडघ्यात प्लेट बसली. बसची पायरी तिला चढवत नाही. त्यामुळे "मध्यमवर्गाला गाड्यांचा सोस" असं कुणी म्हटलं की आत कुठेतरी तुटतं.

तात्या_सदाशिव

मी वेगळं लिहितो, राग मानू नये. १९८८ ते २००२ मी जुन्या हायवेने दादरला नोकरीसाठी येजा केली. बोरघाटात ट्रक बंद पडला की रात्र तिथेच. एका पावसाळ्यात अमृतांजन पुलापाशी आम्ही सहा तास होतो, एसटीच्या कंडक्टरने सगळ्यांना स्वतःचे शेंगदाणे वाटले. एक्सप्रेसवे झाला आणि अडीच तासांत घरी येऊन पोरांबरोबर जेवायला लागलो. त्या रस्त्याला मी कधी नावं ठेवणार नाही. रस्ता बांधायला पैसा लागतो, तो वापरणाऱ्याने द्यावा, हेही मला पटतं.

पण किती वसूल झाले, किती राहिले, हे नाक्यावर मोठ्या पाटीवर रोज लिहा ना. उधारी फिटत आली हे दिसलं तर माणूस हसत देतो.

अनघा_मुलुंडची

तात्या, पाटीचं अगदी बरोबर बोललात. आणि शेंगदाणे 🙏

पायताण_कोल्हापूरचं

पुण्यात आता वीस वर्षं झाली, पण जन्म शिवाजी पेठेतला. आमच्या गावात शहरातल्या रस्त्यांसाठी टोल लावला होता राव! गावात शिरायचं तर टोल. एन. डी. पाटील सर ऐंशी पार केलेले, तरी मोर्चात पुढं. कॉम्रेड गोविंद पानसरे पण, आमचे अण्णा. माझी आज्जी कधी देवळाशिवाय बाहेर पडली नाही, ती महामोर्चाला पायात चप्पल अडकवून गेली आणि आल्यावर दोन दिवस पाय शेकत बसली. डिसेंबर २०१५ ला टोल रद्द झाला तेव्हा अण्णा नव्हते बघायला. आज्जी होती. तिनं गल्लीत साखर वाटली.

म्हणून सांगतो, भोरकर, नेटानं धरा. होतंय.

भोरकर

@पायताण_कोल्हापूरचं तुमच्या आज्जींना आमचा नमस्कार सांगा.

पायताण_कोल्हापूरचं

२०१९ ला गेली. पण सांगतो.

सई_घाटातली

कधी लिहिलं नाही इथे, आज लिहिते. बारावीनंतर दीड वर्ष मी टोलच्या बूथमध्ये बसलेय. कुठला नाका ते नको.

बारा तासांची पाळी. काचेची खिडकी उघडीच ठेवावी लागायची. रात्री घरी येऊन नाक शिंकरलं की काळं. हात कितीही धुतले तरी नोटांचा आणि डिझेलचा वास जायचा नाही, आई म्हणायची भाकरी तू थापू नको. आणि शिव्या. पूर्ण दिवस. साहेब लोक, घरात पोरीबाळी असलेले, मला असलं काही बोलून जायचे की मी पाळी संपल्यावर स्टँडवर बसून राहायची. दर मी ठरवले नव्हते. खड्डा मी पाडला नव्हता.

एक जोडपं होतं, म्हातारं, कराड-साताऱ्याकडे जाणारं. आजोबा पावती घेताना दरवेळी विचारायचे, बाळा जेवलीस का? एवढंच. फास्टॅग आला आणि आमच्यातल्या बऱ्याच जणींचं काम गेलं. मी आता नर्स आहे, पिंपरीत.

मृण्मयी_कोथरूड

@सई_घाटातली माझे बाबा सगळ्यांना हेच विचारायचे. पेट्रोलपंपावर, नाक्यावर, सगळीकडे. ते तेच असतील असं नाही, पण मला तसं समजू दे.

सई_घाटातली

समजा ताई. मलाही बरं वाटेल.

ऋतुजा_सिंहगडरोड

सई, तुझ्या कमेंटने पोळी करपली माझी. खूप खूप प्रेम तुला.

बेलबागेजवळ

सगळं खरं, पण पुण्यात बस आणि मेट्रोने का नाही फिरत लोक? वनाझची मेट्रो २०२२ पासून आहे.

शिवणेकर

@बेलबागेजवळ शिवण्याहून वनाझला जायचं कशाने ते सांगा. पीएमपीला पाऊण तास उभं राहून बस येते, ती भरलेली. वर लिहिलंय बघा बायकोच्या गुडघ्याचं.

बेलबागेजवळ

माफ करा, वरचं नीट वाचलं नव्हतं. वहिनींना आता कसं आहे?

शिवणेकर

काठी सुटली. जिना हळूहळू.

वाकडकर

वार्षिक पासचं कुणी लिहिलं नाही. ऑगस्ट २०२५ ला आला, तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष. एक नाका म्हणजे एक फेरी. मृण्मयी, तुमचं जाऊन येऊन सहा, म्हणजे तेहतीस वेळा कराड होईल. नाक्याला साधारण पंधरा रुपये पडतात. नक्की घ्या.
फक्त मुंबईकडे चालत नाही, एक्सप्रेसवे राज्याचा आहे. आमची सासरवाडी नेमकी पनवेल. तिथे ईव्हीला माफी आहे, आपल्याला नाही.

चाकण_दुसरी_पाळी

तळेगावचे कुणी आहे का इथे? सोमाटणे आणि वरसोली या दोन टोलनाक्यांत जेमतेम ३० किलोमीटर. नियम ६० चा आहे म्हणून किती वर्षं ओरडतायत लोक. माझा भाऊ उर्सेला कंपनीत, पगारातून टोल वेगळा काढून ठेवतो, किराण्यासारखा.

कृष्णाकाठ

मृण्मयी, कराडला कुठे? आम्ही सोमवार पेठ. प्रीतिसंगमावर संध्याकाळी भेळ खाल्ली नाही तर कराडला गेल्यासारखं वाटत नाही.

मृण्मयी_कोथरूड

@कृष्णाकाठ आम्ही शनिवार पेठ! बाबा रोज सकाळी संगमावर चालायला जायचे, यशवंतरावांच्या समाधीपाशी बसायचे थोडा वेळ. तुमच्या घरच्यांनी बघितलं असेल त्यांना.

@वाकडकर पास घेते. हिशेब करून दिलात, आभार.

चाकण_दुसरी_पाळी

मृण्मयीताई, एक विचारू? टॅग अजून बाबांच्या नंबरवर आहे का? असेल तर तुमच्या नंबरवर करून घ्या, मेसेज तुम्हाला यायला हवेत. बॅलन्स संपल्याचं कळत नाही नाहीतर.

मृण्मयी_कोथरूड

त्यांच्याच नंबरवर आहे. तो फोन आता आई वापरते. गाडी तिच्या नावावर केली, टॅगचं राहिलं ते राहिलंच.

खरं सांगू का, मुद्दाम नाही बदलला. मी कोथरूडहून निघते तेव्हा आईला फोन करत नाही, ती उगाच रस्त्याकडे डोळे लावून बसते. पण खेड-शिवापूरला पैसे कापले की तिकडे फोन वाजतो. आनेवाडीला वाजला की ती कणीक भिजवते. तासवडेचा मेसेज आला की कुकर लावते. मी दारात गाडी लावते तेव्हा शिट्ट्या चालू असतात.

चाकण_दुसरी_पाळी

मग नंबर राहू दे तोच. फक्त टॅग आईंच्या नावाने करून घ्या, या आठवड्यातच. टॅग ब्लॅकलिस्टला गेला तर नाक्यावर जास्त पैसे भरावे लागतील. आधार आणि आरसी लागेल. अडलं तर मला मेसेज करा, माझी पाळी रात्री साडेअकराला सुटते.