रोम: ग्रुप टूरच्या तीन दिवस आधीच जावं का?

साताऱ्याची_सून
मे मध्ये युरोपची ग्रुप टूर घेतलीये. मी, नवरा आणि सासूबाई (वय ७१, गुडघे कुरकुरतात पण हिंडायची हौस आमच्यापेक्षा जास्त). टूर रोमहून सुरू, बुधवारी संध्याकाळी चेकइन, गुरुवारी एकाच दिवसात व्हॅटिकन, ट्रेव्हीचं कारंजं, कोलोसियम "बाहेरून फोटो", आणि शुक्रवारी सकाळी सातला बॅगा लॉबीत. एवढे पैसे घालून रोम बसच्या खिडकीतून बघायचं म्हणजे जिवावर येतंय म्हणून रविवारीच पोचावं म्हणतेय. कंपनीवाले म्हणाले या की, पण तिकीट, हॉटेल तुमचं तुम्ही बघा. कोणी केलंय का असं? आणि सासूबाईंना अंडंसुद्धा चालत नाही.

तिखटमीठ
जा जा, पण हॉटेल बुक करायच्या आधी व्हिसाचं विचारा. शेंगेनला (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) ज्या देशात जास्त मुक्काम त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. समजा टूरमध्ये स्वित्झर्लंडच्या ४ रात्री आणि इटलीच्या ३ असतील तर कंपनी सगळ्या ग्रुपची फाइल स्विसकडे टाकणार, आणि तुमच्या ३ वाढल्या की इटली ६ होते, म्हणजे तुमची फाइल वेगळी. आम्ही हे उशिरा सांगितलं तर ऐनवेळी नुसती पळापळ, त्यात इन्शुरन्सही टूरच्याच तारखांचा निघालेला, तो परत काढला.

निवृत्त_मास्तर
माझं मत विचाराल तर टूर संपल्यावर राहावं. आधीच दमलात तर पुढचे बारा दिवस कसे काढणार? आणि रोमभर ते काळे दगडी चौकोन बसवलेले रस्ते, गुडघ्यांची वाट लागते.

ठाणे_लोकल
मास्तर, टूर संपल्यावर कोणात त्राण उरतं हो, तेव्हा माणूस घरच्या वरणभाताची स्वप्नं बघत असतो. शिवाय आधी गेलं की फ्लाइट लेट झाली तरी ग्रुप चुकत नाही. दगडांचं मात्र खरंय, चांगले स्पोर्ट्स शूज घाला.

ताई, टूरचं हॉटेल बहुतेक गावाबाहेर असतं, त्यामुळे तीन रात्री तिथेच वाढवून घेऊ नका. तेर्मिनी स्टेशनच्या आसपास राहा, मेट्रोच्या ए आणि बी दोन्ही लाइन तिथेच भेटतात. एअरपोर्टहून ट्रेन १४ युरो माणशी, म्हणजे तिघांचे ४२, आणि टॅक्सीचा जुन्या तटबंदीच्या आतपर्यंत ठरलेला दर ५५. सासूबाई आणि बॅगा असताना टॅक्सीच करा.

रविवारी नुसती झोप आणि जवळचं सांता मारिया माज्जोरे चर्च, पोप फ्रान्सिस यांना २०२५ मध्ये तिथेच दफन केलंय. सोमवारी कोलोसियम आतून, त्याच तिकिटावर फोरम (जुन्या रोमन चौकाचे अवशेष) पण होतं. तिकिटावर नाव असतं, पासपोर्ट जवळ ठेवा. मंगळवारी बोर्गेझे गॅलरी हे कलासंग्रहालय, ती सोमवारी बंद असते आणि आत दोनच तास, बुकिंगशिवाय जाऊच नका. पण बेर्निनी या शिल्पकाराचे ते पुतळे बघा, संगमरवरी मांडीत बोटं रुतलेली दिसतात, मी तिथून हलतच नव्हतो, बायकोने ओढून नेलं. व्हॅटिकनला तुम्ही हात लावू नका, ते टूरमध्ये आहेच. आणि ६४ नंबरच्या बसमध्ये पाकीट सांभाळा, खिसेकापूंसाठी प्रसिद्ध आहे ती.

तिखटमीठ
अंड्याचं राहिलंच. ताज्या पास्त्यात बऱ्याचदा अंडं असतं, सुक्या स्पॅगेटीत शक्यतो नसतं. "सेन्त्सा उओवो" म्हणजे अंड्याशिवाय, पाठ करून घ्या. कार्बोनारा पास्ता म्हणजे अंडं प्लस डुक्कर, त्या वाटेला जाऊ नका. सुप्ली नावाचे भाताचे गोळे दिसायला आपल्या बटाटेवड्यासारखे, पण आत बहुधा मांसाचा सॉस. कात्रीने कापून वजनावर पिझ्झा देतात तो बेस्ट. स्टेशनजवळ एस्क्विलिनोच्या मार्केटात भाज्या, मसाले आपल्याकडचे मिळतात.

साताऱ्याची_सून
थँक यू सगळ्यांना! आत्ताच कंपनीला फोन केला, कुठल्या देशात किती रात्री होतात ते मोजून सांगते म्हणाली ती मुलगी. मास्तर, सासूबाईंना तुमचं वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या दगडाचं काय सांगता, मी अजिंक्यतारा चढून आलेय. त्यांचा एकच प्रश्न आहे, तिकडे पाणी उकळून प्यावं लागतं का?

ठाणे_लोकल
अजिबात नाही. रस्त्यात जागोजागी वाहते नळ आहेत, नाझोनी म्हणतात, थंडगार आणि फुकट. खालचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं, त्यांना सांगा वाकायची गरज नाही.