सत्तराव्या मिनिटाला संघ का ढेपाळतो

‘फुटबॉल मॅनेजर’ या संघ चालवण्याच्या कॉम्प्युटर गेमबद्दल एक तक्रार वाचली: सत्तराव्या मिनिटाला सगळ्या खेळाडूंची दमछाक दाखवणारी खूण लाल होते आणि बदली लवकर करूनही फरक पडत नाही. माझ्या मते दोष बदलीच्या वेळेत नाही, डावपेचात आहे. जोरदार प्रेसिंग (चेंडूसाठी प्रतिस्पर्ध्यावर धावून जाणं) आणि वेगवान टेम्पो (खेळाची गती) दोन्ही पूर्ण ९० मिनिटं चालू ठेवलं की कुणीही दमणारच! आघाडी मिळताच प्रेसिंग एक-दोन पायऱ्या खाली आणा, फरक लगेच जाणवेल.

खेळाडू निवडताना स्टॅमिना आणि नॅचरल फिटनेस वेगळे बघा. पहिला सामन्यात किती टिकेल ते ठरवतो, दुसरा सामन्यानंतर किती लवकर सावरेल ते. आठवड्याला दोन सामने असतील तर मी दुसऱ्यालाच जास्त किंमत देतो.

विंगबॅक, म्हणजे कडेने पुढेही जाणारे बचावपटू, सगळ्यात आधी थकतात, कारण मैदानभर वरखाली तेच पळतात. साठाव्या मिनिटाच्या आसपास दोघांनाही एकाच थांब्यात, म्हणजे बदलीसाठी खेळ एकदा थांबला की त्यातच, बदला. पाच बदल्या असल्या तरी थांबे तीनच मिळतात. मध्यंतरातली बदली त्यात धरत नाहीत, ती संधी सोडू नका.

आणि हो, ट्रेनिंगमधल्या ‘रेस्ट’ विभागात दमलेल्यांचा सराव आपोआप निम्म्यावर येईल असं लावून ठेवा. बरेच जण तिकडे फिरकतच नाहीत.