'बिगिनर्स लक'ला आपल्याकडे काय म्हणतात? नवा भिडू, तुक्का की हातगुण?

मंडळी, एक शब्द अडलाय. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेलो होतो, खानदेशात अमळनेरकडे. पारावर पत्ते बसलेले, ते बसतातच, एरवी पत्त्याला शिवत नाही असा माणूससुद्धा त्या दिवशी मांडी घालून बसतो आणि घरचे काही म्हणत नाहीत. माझा भाचा पुण्याहून आलेला, वय एकोणीस, जन्मात कधी खेळला नव्हता. अंदर-बाहरला बसला आणि लागोपाठ चार डाव मारले. शेजारच्या आबांनी तंबाखू मळता मळता एवढंच म्हटलं, "नवा भिडू शे, त्याले लागीच." म्हणजे नवा भिडू आहे, त्याला लागणारच. पोरगं मला विचारतं, मामा, बिगिनर्स लकला मराठीत काय म्हणतात? मी म्हटलं नवशिक्याचं नशीब. तो हसला, आणि खरं सांगतो मलाही ते सरकारी पाटीवरच्या मराठीसारखं वाटलं. असं कोण बोलतं? पुढे संध्याकाळपर्यंत जिंकलेले सगळे गेले, वर माझ्याकडून पाचशे उसने नेले ते वेगळंच. पण शब्द काही मिळाला नाही. कोणाला सुचतोय का?

—

भाऊ, जुने शब्द आहेत की. काकतालीय न्याय, म्हणजे कावळा ताडावर बसला आणि त्याच वेळी फळ पडलं. आपल्या बोलीत कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. दुसरा मला जास्त आवडतो तो घुणाक्षर न्याय. घुण म्हणजे लाकूड पोखरणारा किडा, तो आपला पोखरत जातो आणि लाकडावर चुकून एखादं अक्षर उमटतं, म्हणून त्याला लिहिता येतं असं होत नाही. तुमच्या भाच्याचे चार डाव असेच.

पण एक अडचण आहे. या दोन्हींत योगायोग आहे, नवखेपणा नाही. कावळा काही आयुष्यात पहिल्यांदाच बसत नव्हता! 'नव्याची नवलाई' म्हणाल तर ती उत्साहाची गोष्ट, नशिबाची नाही. रोजच्या बोलण्यात मी तरी 'तुक्का लागला' म्हणेन. तुक्का म्हणजे टोक नसलेला बोथट बाण, म्हणून तर 'लगा तो तीर नहीं तो तुक्का'. आपल्याकडे मात्र तुक्काच लागतो, तीर कोणी विचारत नाही.

—

आप्पांचा तुक्का पटला. पण मला आबांच्या वाक्यातलं 'लागी' हे क्रियापद पकडावंसं वाटतं, सगळी गंमत तिथे आहे. बघा ना, लॉटरी लागते, नंबर लागतो, तुक्का लागतो. यात आपण काहीच करत नाही, ते येऊन लागतं, ठेच लागते तसं. आणि एकदा लागलं की मागोमाग चटक लागते, नाद लागतो, मग उधारी मागावी लागते 😄 चिकाटी कधी कोणाला लागलेली ऐकलीय? ती धरावी लागते. जिद्दही धरायची, तग धरायचा. जिद्द मुळात अरबी, तिथे अर्थ विरोध, उलट बाजू, आपण त्यातून चांगला गुण काढला हे मराठीचं कौतुक, नाहीतर जिद्दी आणि हट्टी यात फरक तो काय.

आणि 'नवा भिडू शे, त्याले लागीच' यातला 'च' मला मान्य नाही. अंदर-बाहर म्हणजे जवळपास अर्धा-अर्धा चान्स. चार डाव ओळीने जिंकायचे तर सोळा नव्या पोरांत साधारण एकाला जमेल. त्या एकाची गोष्ट पुढच्या आखाजीपर्यंत पारावर चालते, बाकीचे पंधरा गपचूप घरी जाऊन आमरस खातात, त्यांची गोष्ट कोण सांगणार? आणि त्या एकाचंही नशीब काही संध्याकाळी रुसत नाही, पत्ते फक्त नेहमीसारखे पडायला लागतात.

—

तुम्ही सगळे पारावरचंच बोलताय, जरा चुलीपाशी या. आमच्या वहिनी लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला खापरावर मांडे करायला बसल्या. माहेरी कधी केले नव्हते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कणीक एवढी सैल तिंबतात की हातातून सांडेल की काय वाटतं, पुरण भरून थोडं लाटायचं आणि मग पोळपाट सोडून दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायचं, आणि उलट्या तापलेल्या खापरावर एका झटक्यात टाकायचं. वहिनींचा पहिला मांडा असा पडला की सुरकुतीसुद्धा नाही. सासूबाई म्हणजे आमची आई खूश, म्हणाली, "सूनना हातले गुण शे!" मग दुसरा फाटला. तिसरा हातावरच फाटला, पुरण खापरावर, घरभर धूर. सातव्याला वहिनी रडायच्या बेतात होत्या.

तर तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर 'हातगुण'. औषध देणाऱ्याचा, पेरणाऱ्याचा हातगुण म्हणतात तो, करणाऱ्याच्या शिकण्याशी त्याचा संबंध नसतो, पहिल्याच खेपेलाही दिसतो. आणि त्याच्यापुढचा शब्द 'हात बसणे', तो कोणी काढलाच नाही अजून. हातगुण असतो, हात बसावा लागतो. वहिनींचा किती वर्षांनी बसला ते त्यांनाही सांगता येत नाही, मधल्या वर्षांत आई नुसती शेजारी बसून "तिंब, अजून तिंब" करायची, दुसरं काही शिकवलं नाही. हात बसला तेव्हा कोणी "गुण शे" म्हटल्याचंही मला आठवत नाही.

या आखाजीला त्यांनी पंचवीसेक मांडे केले. एक फाटला, तो मी खाल्ला.

—

नवा भिडू आणि हात बसणे, दोन्ही वहीत घेतले. भाच्याला पाठवतो, पाचशेची आठवणही त्यातच करून देतो.